भूल उतरेपर्यंत

माझ्या भाड्याच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक कलम होतं. एप्रिल ते जून, दर शनिवार-रविवारी दुपारी चार ते पाच, बेसमेंटची बाथरूम घरमालकाच्या ताब्यात राहील. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात पीएचडीसाठी आलेल्या मुलीला कॅम्पसच्या बसच्या रस्त्यावर, मराठी माणसाच्या घरात, वेगळ्या दाराचं बेसमेंट मिळत असेल, तर ती कलमं वाचत बसत नाही. मीही नाही वाचली. ऑगस्टपासून मार्चपर्यंत घरमालक मला चारचौघांसारखे वाटत होते. रिटायर्ड डॉक्टर, मूळचे मिरजेचे, बोलणं बेताचं, बर्फ काढायला मशीन न वापरता फावडं वापरणारे. मग एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दार वाजलं. दारात तेच काका, पण छातीपर्यंत रबरी विजार चढवलेले, कोपरापर्यंत ओले, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा, गळ्यात दोरीला ऑपरेशन थिएटरमधला चिमटा.

"अ‍ॅग्रीमेंट वाचलंस ना? मग सरक," म्हणाले, आणि माझ्याच शॅम्पूनं आंघोळ करून वर गेले.

कलम खरं तर काकूंचं होतं. काका नदीवर जाऊन ट्राउट पकडायचे आणि मासळीचा हात घेऊन स्वयंपाकघराच्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही, असा काकूंचा चाळीस वर्षांचा कायदा होता. मासळीचा हात म्हणजे खरोखर फक्त हात, कारण मासा घरी कधी आलाच नाही. काकांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं. मासा पकडायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. त्यासाठी पहाटे उठायचं, तासभर गाडी हाकायची, बर्फ वितळलेल्या पाण्यात सहा तास उभं राहायचं, आणि घरी येऊन भाडेकरणीच्या बाथरूममध्ये शुद्ध व्हायचं.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे मासा सोडून देणाऱ्या माणसाला वैद्याला दाखवतात. अमेरिकेत येऊन मी समुद्राला आणि ताज्या मासळीला एकदमच मुकले होते. स्टेट कॉलेजपासून समुद्र इतका लांब की त्याचा विचार करणंसुद्धा परवडत नव्हतं. आणि नशीब असं की राहायला मिळालं ते घर गळ, दोऱ्या, जाळी, बूट यांनी गच्च भरलेलं, आणि त्याच घरात मासा शिजवायला सक्त मनाई. मी काकांना म्हटलंसुद्धा, "काका, दुष्काळात मला पाणपोईवर राखणीला बसवलंत तुम्ही."

"चल एकदा बरोबर," म्हणाले. "तोंडाला पाणी सुटेल, पण खायचं नाही. चांगला व्यायाम आहे."

गेले. नदी डोंगराच्या कुशीतली, फार रुंद नाही, तळाचे गोटे मोजता येतील इतकी स्वच्छ. मला वाटलं, जाऊन गळ टाकायचा. काकांनी आधी थर्मामीटर काढलं आणि पाण्यात धरलं. "बावन्न फॅरनहाइट. पेशंट ठीक आहे." अडुसष्टच्या वर गेलं की ते गाडी वळवून परत येत, उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात माशाला आधीच धाप लागलेली असते, त्यात आपण त्याला झुंजवायचं म्हणजे दमेकऱ्याला जिने चढायला लावायचं, असं त्यांचं म्हणणं. थर्मामीटर झाल्यावर त्यांनी पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. त्याच्या पोटाला किडे चिकटलेले. काका दुसरा चष्मा डोळ्यांवर ओढून ते निरखत बसले. आज मासे काय खात आहेत ते कळलं, की डबीतून तसलीच दिसणारी खोटी माशी निवडायची. पिसं आणि दोरा गुंडाळून काकांनी हिवाळाभर बनवलेल्या त्या माश्या. एकेका गळाचं उलटं टोक, जे माशाच्या जबड्यात रुतून बसतं, ते त्यांनी चिमट्यानं दाबून सपाट केलेलं. म्हणजे मासा लागला तरी सुटायची त्याला निम्मी संधी. हे सगळं ऐकून मी म्हटलं, काका, तुम्हाला नक्की कोणाच्या बाजूनं खेळायचंय?

मग मासा लागला. वीतभराहून थोडा मोठा, पिवळसर, अंगावर लाल ठिपके. काकांनी हात ओले करून घेतले, चिमट्यानं गळ काढला, आणि माझ्या हातात आयुष्यभर काटे काढायची सवय असून मी नुसती बघत राहिले. कारण काका त्याच्याशी बोलायला लागले. त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलेलं, एक तळवा पोटाखाली, आणि खर्जातल्या आवाजात, "झालं हं. झालं सगळं. घ्या श्वास. डोळे उघडा. नाव काय तुमचं?"

काका भूलतज्ज्ञ होते. चाळीस वर्षं एकाच हॉस्पिटलमध्ये माणसांना झोपवलं आणि उठवलं. "झोपवायला काय लागतं?" ते म्हणायचे. "ते औषध करतं. भूल उतरेपर्यंत उशाशी बसून राहणं, हे आमचं काम." दमलेला मासा तसाच सोडला तर कुशीवर कलंडतो आणि वाहून जातो. त्याच्या कल्ल्यांतून पाणी फिरेपर्यंत, तो आपल्या बळावर शेपटी मारेपर्यंत धरून ठेवायचं. एकदा एका म्हाताऱ्या माशाला काका इतका वेळ धरून वाकले होते की शेवटी मासा गेला आणि मलाच काकांना धरून सरळ करावं लागलं.

मला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. मागच्या अंगणात, गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून. माझ्या काखेत वर्तमानपत्राची घडी. ती पडता कामा नये. "घड्याळ डोळ्यांसमोर आण. काठी एकवर न्यायची, थांबायचं. दहावर आणायची, थांबायचं. मागची दोरी सरळ होईपर्यंत पुढे यायचं नाही." मी घाई करायचे, दोरी माझ्याच केसांत अडकायची. काकू खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, तिचा थीसिस राहिलाय, तिला कामाला लावा." काका म्हणायचे, "थांबायला शिकवतोय. थीसिसला पण लागतं ते." मला ते हाक मारायचे तीसुद्धा "अर्धी डॉक्टर" अशी. पीएचडी झाल्यावर पूर्ण म्हणेन, म्हणाले होते.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या गळाला पहिला मासा लागला. बरा होता, सव्वा वीत. माझ्या तोंडून निघालंच, "काका, दोन तुकड्या पडतील. हळद, तिखट, मीठ, बास." काका हसले नाहीत. चिमटा माझ्या हातात दिला. "आता हा तुझा पेशंट." मी गळ काढला. पाण्यात धरला. ते पाणी इतकं गार की मनगटाच्या पुढे हात आहे की नाही कळेना. आणि मग त्या माशानं एकदम अंग ताठ केलं, तळव्यावर एक जोराचा धक्का मारला आणि गेला. लहानपणापासून शेकडो मासे माझ्या हातातून गेले असतील. जिवंत गेलेला तो पहिला. मी तिथेच पाण्यात उभी राहून रडले. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. काकांनी डबा उघडून दहीभात पुढे केला.

काका मासे मोजत नसत. फोटो काढू देत नसत, "पेशंटची प्रायव्हसी." मला एक गोष्ट नेहमी छळायची, ती मी एकदा विचारली. "सोडायचाच असेल, तर पकडता कशाला?"

काका दोरी गुंडाळत म्हणाले, "चाळीस वर्षं माणसं जागी व्हायची आणि सर्जनला थँक्यू म्हणायची. माझं तोंड कुणाच्या लक्षातसुद्धा नसायचं. हा मासा कुणालाच थँक्यू म्हणत नाही. बरं वाटतं." हे विनोद म्हणून सांगितलं की खरं, मी ठरवू शकले नाही.

त्यांच्या वर्षाचा कळस म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. त्या नदीत ग्रीन ड्रेक नावाच्या मोठ्या माश्या आहेत. दोन वर्षं त्या तळाच्या गाळात किडा होऊन राहतात, आणि मग एका संध्याकाळी हजारोंनी वर येतात, पंख फुटतात, उडतात. पंख फुटल्यावर त्यांना खाण्यापुरतं तोंडही उरत नाही. एक-दोन दिवस जगायचं, अंडी घालायची आणि पाण्यावर पडायचं. एरवी दगडाखालून न हलणारे म्हातारे ट्राउट त्या चार-पाच संध्याकाळी भान हरपून वर येतात. तिथले लोक याला हॅच म्हणतात आणि कामावर आजारी असल्याचं कळवून जातात. काकांनी इतक्या वर्षांत एकही हॅच चुकवली नव्हती. ड्यूटी असली तर बदलून घ्यायचे, आणि मुलीचा पदवीदान समारंभ त्याच आठवड्यात आला तेव्हा सकाळी तिथे टाळ्या वाजवून संध्याकाळी नदीवर.

माझ्या तिथल्या पाचव्या वर्षी, एप्रिलच्या सुरुवातीलाच, काका एकटे गेले असताना गोट्यावरून घसरले. मनगट मोडलं. त्याहून वाईट म्हणजे घसरण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. स्वतःच डॉक्टर असल्यानं लपवता येईना. तपासण्या झाल्या. हृदयाचं काम सुस्तावलं होतं. काकूंनी कायदा बदलला. "एकट्यानं नदीचं नाव काढायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ."

काकांनी घेतली शपथ. मग माझ्याकडे बघितलं. "ही येईल."

"येईन की," मी म्हटलं.

"सगळा सीझन नको. तुझा थीसिसचा डिफेन्स आहे, जॉबचं आहे. तो एक आठवडा दे मला. पुढच्या वर्षाचं मी बोलत नाही." ते त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं. काकू उठून आत गेल्या. मी म्हटलं, "काका, प्रॉमिस."

मे उजाडला. डिफेन्स झाला. काका त्या रात्री जेवताना "पूर्ण डॉक्टर" म्हणाले आणि काकूंनी शिरा केला. त्यानंतर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आला, शेवटच्या आठवड्याच्या अगदी तोंडावर, शुक्रवारी. मी शनिवारी परतणार होते. इंटरव्ह्यू उत्तम झाला, संध्याकाळीच ऑफरचा फोन आला, आणि तिथल्या मैत्रिणी म्हणाल्या, "यार, लाँग वीकेंड आहे, अशी कशी जातेस? बीचवर जाऊ." शनिवारी त्यांनी मला समुद्रावर नेलं. पाच वर्षांनी समुद्र. आमच्यासारखा नाही, गार आणि करडा, पण वास तोच. मी बूट काढले आणि पाण्यात उभी राहिले ती राहिलेच. रविवारी परत. सोमवारी परत. तिकीट पुढे ढकलत गेले.

रविवारी काकांना फोन केला होता. "काका, समुद्र बघितला! पण फ्लाइट्स फुल आहेत हो. बुधवारी येते. चालेल ना?"

फुल नव्हत्या. मी बघितल्याही नव्हत्या.

"चालेल की," काका म्हणाले. "यंदा थंडी लांबली आहे. माश्या काय पळून जातात?"

माश्या पळून जातात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण मला जे ऐकायचं होतं ते त्यांनी म्हटलं आणि मी फोन ठेवला.

बुधवारी पोचले तेव्हा काका हॉलमध्ये पेपर वाचत होते. आधी ऑफरबद्दल विचारलं, मग समुद्राबद्दल. पाणी कसं आहे, लाटा केवढ्या, शंख-शिंपले असतात का. मी तासभर बडबडले. मग आठवलं. "आणि हॅच, काका?"

"यंदा काही खास नाही. बघू उद्या."

गुरुवारी गेलो. काका आत उतरलेच नाहीत, काठावर घडीच्या स्टुलावर बसले. मी दोरी टाकत राहिले. पाण्यावर मासा वर आल्याचा एक गोलसुद्धा उमटला नाही. अंधारायच्या आत निघालो, आणि पुलाच्या कठड्यापाशी मला कोळिष्टकं दिसली. सगळी माश्यांच्या पंखांनी भरलेली. मोठाले, हिरवट, बोटाच्या पेरापेक्षा लांब पंख, थरावर थर. इतके मी कुठल्याच वर्षी पाहिले नव्हते. मी वळून काकांकडे बघितलं. ते गाडीच्या किल्ल्या शोधत होते, आणि त्या त्यांच्या हातातच होत्या.

"पाणी छान आहे," म्हणाले. "चल."

मी माफी मागायला हवी होती. गाडीत पूर्ण तासभर होता. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर वाटलं, आठवडाभरानं विषय काढू. ऑगस्टमध्ये मी सांता क्लाराला आले. फोन व्हायचे, काका हवापाणी विचारायचे, नवीन बनवलेल्या माश्यांची नावं सांगायचे. फेब्रुवारीत एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत. वादळानं विमानं रद्द झाली होती, या वेळी खरोखर. मी झूमवर, एका चौकोनात, म्यूट होऊन त्यांना निरोप दिला.

मे महिन्यात काकूंना भेटायला गेले. कुठला आठवडा ते सांगायला नको. काकू ट्रॉयला मुलीकडे राहायला जायच्या होत्या, खोक्यांनी घर भरलं होतं. आम्ही स्वयंपाकघरात कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत बसलो होतो. काकू एकदम हसल्या.

"गेल्या वर्षी याच दिवसांत काय तमाशा गं! तू तिकडे, आणि हे रोज चारला तो रबरी अवतार चढवून, मोडका हात गळ्यात, गॅरेजचं दार उघडून खुर्चीत बसायचे. शनिवार, रविवार, सोमवार. शेजारचा सांगून गेला, आजवरची सगळ्यात मोठी हॅच आहे म्हणून. तो 'चला' म्हणाला, तर नाही म्हणाले. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, मी नेते. मी काठावर बसते, तुम्ही घाला काय गोंधळ घालायचा तो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं हो."

"मग?"

"नको म्हणाले. 'ती आल्यावर विचारेल गेलात का. गेलो म्हटलं तर वाईट वाटेल पोरीला.'"

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. मग सांगून टाकलं. "काकू, मी खोटं बोलले. फ्लाइट होती. मला यायचं नव्हतं."

काकूंनी पुढचा कप उचलला, कागदात घातला, कडा दुमडल्या.

"माहीत होतं त्यांना. फोन झाल्यावर आयपॅडवर बघत बसले होते, तुला कुठली तरी फ्लाइट मिळवून देऊ म्हणून. खंडीभर जागा होत्या."

"काही म्हणाले नाहीत?"

"म्हणाले की. 'राहू दे अजून दोन दिवस. बऱ्याच दिवसांनी आवाज खुलला आहे तिचा.'"